फौज नसलेले जिंकतात!

'सिव्हिलायझेशन' गेममध्ये माझं सैन्य कायम तोकडं. तरी लेखक, संग्रहालयं जपली, जगभरचे पर्यटक खेचले आणि जिंकलो. मित्र म्हणतात, "हा काय विजय?"

अरे, आपलंच यवतमाळ आठवा ना! जानेवारी २०१९, ९२वं साहित्य संमेलन. उधळून लावायच्या धमक्या आल्या आणि आयोजकांनी नयनतारा सहगल यांचं निमंत्रणच मागे घेतलं. झालं काय? न झालेलं भाषण मराठीत छापून आलं, महाराष्ट्रभर वाचलं गेलं. उद्घाटन केलं राजूरच्या वैशाली येडे यांनी. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर एकटीनं संसार ओढणाऱ्या बाईनं. त्यांच्यामागे कुठली फौज होती?

धमकी देणाऱ्यांचं एक तरी वाक्य आठवतं का कुणाला? हरले ते, आणि त्यांना भ्यालेले आयोजकही. पाहुणे बोलवायचे तर कणाही ठेवा!