यंत्र चालताना पायांवर, हलवताना चाकांवर



मागच्या खेपेला आपण विळे-कोयत्यांना धार कशी लावावी ते पाहिले. आजचा विषय जरा जड आहे; म्हणजे वजनानेच जड. गोठ्यातले मोटारीवरचे कडबाकुट्टी यंत्र एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचे कसे, हा तो विषय.

उन्हाळ्यात हे यंत्र गंजीजवळ हवे असते. मृगाचा पाऊस सुरू झाला की पडवीत घ्यावे लागते. दर वेळी चार माणसे गोळा करायची, ओढाताण करायची. त्यात कुणाचे बोट चेंगरते, कुणाची कंबर धरते. मग मनात येते, चार कोपऱ्यांना चार चाके लावून टाकावीत म्हणजे कटकट मिटली.

मी तेच केले होते. ती गोष्ट आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या यंत्राच्या स्टँडला मी चार फिरती चाके लावून घेतली. त्यांतल्या दोन चाकांना ब्रेक होते. आठ दिवस घरात माझे कौतुक झाले. नवव्या दिवशी संध्याकाळी आमच्या वहिनी हिरवा मका घालत होत्या. पेंढी जाड होती म्हणून त्यांनी जरा जोर लावला, तोच यंत्र वीतभर मागे सरकले. समोरचा आधारच सरकला की माणूस पुढे झुकणारच. वहिनींचा हात थेट यंत्राच्या तोंडाशी गेला. यंत्र सरकताना वायर ताणून प्लग निसटला आणि मक्याने भरलेले यंत्र जागीच अडले, म्हणून हात वाचला. दोन बांगड्या फुटल्या, मनगटाला ओरखडा आला, एवढ्यावर निभावले. वहिनी कुणाला काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्या विळा घेऊन हातानेच वैरण तोडत बसल्या होत्या. ते पाहून मला जे वाटले, ते कुणी चार शब्द सुनावले असते तरी वाटले नसते.

चूक कुठे झाली? ब्रेक चाकाचे फिरणे थांबवतो, पण चाक ज्या काट्यात बसते तो काटा वळायचा थांबत नाही. त्यात कुट्टीचे पाते दर फेऱ्याला यंत्राला हिसका देते. त्या हिसक्यांनी यंत्र डुलते आणि हळूहळू चालू लागते. शिवाय चाकांमुळे आमचे यंत्र सहा इंच उंच झाले होते. वैरण घालायचे तोंड छातीशी आले आणि वहिनींना पुढे ओणवे व्हावे लागत होते.

मळणी यंत्रात लोकांचे हात जाऊ लागले, तेव्हा १९८३ साली केंद्र सरकारने धोकादायक यंत्रांविषयी कायदा केला. पण घरी आपण यंत्राला जे काही जोडतो, त्याची जबाबदारी आपलीच.

वाट दाखवली ती आमच्या गावच्या सुताराने. त्याचे रंधा-करवतीचे यंत्र छपरात भिंतीशी असते. लांब फळी रंधायची तर पुढे-मागे जागा लागते, म्हणून तो ते अंगणात आणतो. यंत्राला चाके आहेत, पण काम चालू असताना ती जमिनीला टेकतच नाहीत. हलवायचे तेव्हा चाके खाली घ्यायची, जागेवर पोचले की वर करायची. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “यंत्र उभं राहतं पायावर. चाक फक्त वाटेपुरतं.”

अशी उचलती चाके दोन तऱ्हांनी बसवता येतात.

पहिली तऱ्हा स्वस्त आणि साधी. स्टँडच्या मागच्या बाजूला दोन चाके आणि पुढे धरायला दोन पाइपचे दांडे. यंत्र सरळ उभे असताना चाके जमिनीपासून दोन काडेपेटीच्या काड्यांच्या जाडीइतकी, म्हणजे सुमारे ४ मिलिमीटर वर राहिली पाहिजेत. दांडे धरून पुढची बाजू उचलली की मागची चाके टेकतात आणि यंत्र हातगाडीसारखे चालते. यात एक गोष्ट विसरू नका. चाके मागच्या पायांच्या बाहेर बसवायची, आत नाही. आत बसवली तर पुढून उचलताना मागचे पाय टेकलेलेच राहतात आणि चाके अधांतरी लटकतात. चाके जड बाजूला येऊ द्या, म्हणजे हातावर भार कमी येईल.

दुसरी तऱ्हा पायाने दाबायच्या दट्ट्याची. पहारीने दगड उचलतो तोच हा न्याय. दोन फुटी, म्हणजे ६० सेंटिमीटरचा लोखंडी सांगाडा घ्या. त्याचे एक टोक स्टँडला १२ मिलिमीटरच्या बोल्टवर हलते ठेवा. दाराची बिजागरी इथे टिकणार नाही. त्या बोल्टपासून ६ सेंटिमीटरवर सांगाड्याखाली दोन चाके बसवा. उरलेली ५४ सेंटिमीटर लांबी पाय देण्यासाठी. आता हिशेब करा. यंत्र १२० किलोचे धरले तर एका बाजूला ६० किलो भार. दाब नऊपट होतो, म्हणजे सातएक किलो पुरायला हवेत. घर्षण वगैरे धरून दहा-पंधरा किलो समजा. तेवढा दाब घरातली कोणतीही मोठी बाई पायाने देऊ शकते. दट्ट्या खाली गेला की तो स्टँडवरच्या खटक्यात अडकवायचा. अशी एक जोडी पुढे आणि एक मागे लागते. पुढची चाके वळणारी, मागची सरळ. वळणाऱ्या चाकाचा खिळा दट्ट्या दाबलेला असताना ओळंब्यात उभा राहिला पाहिजे. तिरका राहिला तर चाक वळणार नाही.

चाके निवडताना दोन गोष्टी पाहा. एकूण वजनाला चाराने नव्हे, तीनाने भागा. आपली जमीन काही आरशासारखी सपाट नसते. एखादे चाक उचललेले राहते आणि सगळा भार तिघांवर येतो. १२० किलोच्या यंत्राला एकेक चाक किमान ४० किलो पेलणारे हवे, आणि थोडे जास्तच घ्या. दुसरे, चाकाचा आकार. कोब्यावर तीन इंची चाक चालते. सारवलेल्या जमिनीवर ते रुतते आणि फरशीच्या सांध्यात अडते. तिथे सहा इंचांच्या खालचे चाक घेऊ नका.

मोटार आणि कुट्टी एकाच स्टँडवर असतील तरच हा उद्योग करा. मोटार वेगळ्या पायावर असेल, तर यंत्र हलवले की पट्ट्याची रेषा बिघडते.

यंत्र जिथे उभे राहणार तिथे चारही पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे पक्के बसवा. उन्हाळ्याची एक जागा, पावसाळ्याची एक. एखादा पाय अधांतरी राहत असेल तर लाकडाची चिपळी सारू नका, हादऱ्याने ती निघते. पायाला नट लावून बोल्ट बसवा आणि तो फिरवून उंची जुळवा. मग दोन्ही हातांनी यंत्र हलवून पाहा. डुलले नाही तरच मोटार सुरू करायची.

आणि हलवण्याआधी काय करायचे, ते घरातल्या पोरासोरांनाही पाठ असू द्या. बटण बंद करून प्लग काढायचा. मोठे चाक पूर्ण थांबू द्यायचे आणि अडसर घालून अडकवायचे, म्हणजे वाटेत पाते फिरणार नाही. खटका सोडला की यंत्र एकदम बोटभर खाली बसते, तेव्हा कुणाचा पाय खाली नाही ना हे पाहायचे. नव्या जागी अर्थिंगची तार जोडली आहे याची खात्री करायची. वाटेत वायर यंत्रामागे फरफटत न्यायची नाही.

आमच्या यंत्राची जुनी चाके काढून वेल्डिंगवाल्याकडून दट्ट्याची चाके लावून घेतली. वैरण घालायचे तोंड पुन्हा पहिल्या उंचीवर आले. पहिल्या दिवशी वहिनींनी यंत्राला दोन्ही हातांनी ढकलून पाहिले. ते हलले नाही. मग त्यांनी पदर खोचला आणि मक्याची पेंढी उचलली.

तुमच्या घरी यंत्राला साधी चाके लागलेली असतील, तर आज वैरण तोडायच्या आधी ते एकदा असेच ढकलून पाहा.

पुढच्या खेपेला मोटारीच्या पट्ट्याविषयी बोलू.