अन्नाची राखण कोणी करावी?

आपण ज्या देशात येऊन स्थायिक झालो, तेथे महागाई हा घरोघरी रोजच्या बोलण्याचा विषय आहे. पगाराचा मोठा वाटा किराणा, भाजीपाला आणि दूध-चीज यांतच खर्ची पडतो. त्यामुळे परदेशी माल सुलभपणे यावा, स्पर्धा वाढावी व भाव उतरावेत, या धोरणाचे कोणीही स्वागतच करील. परंतु या खटाटोपात अन्नाच्या तपासणीचा दोर सैल होत आहे, अशी चिंता इस्राएलमध्ये अनेक जण व्यक्त करीत असतात. ती अनाठायी नाही, असे माझे नम्र मत आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. २०१५ साली क्नेसेटने अन्नविषयक नवा कायदा मंजूर केला. पूर्वी माल देशात येण्याआधी आयातदारास बरीच कागदपत्रे सादर करून परवानगीची वाट पाहावी लागे. नव्या कायद्याने साध्या, टिकाऊ पदार्थांच्या बाबतीत ही अट शिथिल केली. आपला माल नियमांस धरून आहे, असे आयातदाराने लिहून द्यावे व तपासणी मुख्यतः माल बाजारात आल्यावर व्हावी, अशी ही रचना आहे. बाळांचे अन्न, दुग्धजन्य पदार्थ अशा ‘संवेदनशील’ वस्तूंसाठी नियम अधिक कडक ठेवले गेले. पुढे १ जानेवारी २०२५ पासून युरोपच्या नियमांत बसणाऱ्या मालासाठी आणखी एक मोकळी वाट करून देण्यात आली. जे युरोपला चालते ते आपल्यालाही चालावे, हे त्यामागील सूत्र.

सूत्र आकर्षक आहे. पण या देशातील आईबाप २००३ चा नोव्हेंबर विसरलेले नाहीत. रेमेडिया या कंपनीचे सोयाबीनपासून केलेले बाळांचे दूध येथील अनेक घरांत वापरले जात होते. ते तयार होत होते जर्मनीत, ह्यूमाना या कारखान्यात, आणि तेही खास इस्राएलच्या बाजारासाठी. डब्यावर ब-१ जीवनसत्त्व असल्याचे छापलेले होते. डब्यात मात्र ते जवळजवळ नव्हतेच. काही बाळे दगावली. जी वाचली त्यांतील कित्येकांच्या मेंदूला व मज्जासंस्थेला कायमची इजा झाली. २०१३ साली न्यायालयाने कंपनीच्या अन्नतंत्रज्ञास दोषी ठरवून तुरुंगवासाची शिक्षा दिली; पण गेलेली मुले त्याने परत आली नाहीत. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, माल युरोपात तयार झाला म्हणजे तो निर्दोष, असे होत नाही. दुसरी, डब्यावरील मजकूर आणि डब्यातील पदार्थ यांतील तफावत बाळे आजारी पडल्यानंतरच उघडकीस आली.

स्वदेशी कारखान्यांचीही कथा निराळी नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात एका मोठ्या कंपनीच्या कॉर्नफ्लेक्समध्ये साल्मोनेला जंतू सापडले. दूषित माल बाजारात गेलेलाच नाही, असे कंपनीने आधी सांगितले व नंतर काही माल गेल्याचे मान्य केले. त्याच सुमारास ताहिनी व तयार सॅलडही दुकानांतून परत मागवावी लागली. २०२२ च्या एप्रिलमध्ये नोफ हागलील येथील चॉकलेटच्या प्रसिद्ध कारखान्यात तेच जंतू आढळले आणि आरोग्य मंत्रालयाने त्याचा उत्पादन-परवाना तीन महिन्यांसाठी स्थगित केला.

कोणी म्हणेल, २००३ साली जुनी कडक पद्धत होतीच. तिने काय वाचविले? आक्षेप रास्त आहे. कागदांचे ढीग म्हणजे तपासणी नव्हे, आणि त्या ढिगांमुळे मोजक्या आयातदारांचेच फावते, हेही खरे. म्हणूनच कागद कमी करण्यास माझा विरोध नाही. माझे म्हणणे इतकेच, की जेथे कागद कमी झाला तेथे प्रयोगशाळा वाढली पाहिजे. विद्यार्थ्याने स्वतःचा पेपर स्वतःच तपासावा व गुण शाळेस कळवावेत, ही पद्धत कोणताही शिक्षक एखाद्या वेळी मान्य करील. पण मधूनमधून काही पेपर आपण स्वतः उघडून पाहीन, या अटीवरच.

अशी अचानक तपासणी खरोखर केली, तर तिचा उपयोग होतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये हाँगकाँगच्या अधिकाऱ्यांनी दुकानांतून नमुने घेतले, तेव्हा भारतातील दोन नामांकित कंपन्यांच्या काही मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड हे घातक रसायन आढळले व त्यांची विक्री थांबविण्यात आली. हा प्रश्न आपल्या स्वयंपाकघराशी निगडित आहे. मसाला, हळद, पोहे यांवाचून आपले घर चालत नाही. हळदीस पिवळाजर्द रंग यावा म्हणून तीत शिसेयुक्त रंग मिसळल्याची उदाहरणे दक्षिण आशियात आढळली आहेत. असे शिसे डोळ्यांस दिसत नाही, जिभेस कळत नाही, आणि मुलांच्या बुद्धीच्या वाढीस मारक ठरते.

आपले पूर्वज कुलाबा जिल्ह्यात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. गिऱ्हाईक घाण्यापाशी येई, तेल डोळ्यांदेखत निघे, आणि तेल्याची अब्रू हीच त्याची सनद असे. आज विकणारा आपल्यास ठाऊक नाही आणि घाणा हजारो मैल दूर आहे. जेथे गिऱ्हाइकाची नजर पोहोचत नाही, तेथे शासनानेच त्याची नजर झाले पाहिजे. हा विचार नवा नाही. बाजारावर अधिकारी नेमण्याची चर्चा ताल्मूदच्या बाबा बात्रा या ग्रंथात आहे. त्यांनी भावही ठरवावेत काय, याविषयी तेथे मतभेद दिसतो. परंतु मापे तपासावीत, याविषयी नाही. भाव आणि तपासणी हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्या विद्वानांनी ओळखले होते. आपणही एकासाठी दुसऱ्याचा बळी देऊ नये.

आपल्यापैकी काहींचा असाही समज असतो, की काशरुतचा शिक्का आहे म्हणजे सर्व काही ठीक आहे. तो शिक्का आपल्या जागी पूज्य आहे. परंतु मश्गियाख जंतू मोजीत नाही, की जीवनसत्त्वे तपासीत नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. तपासनीस व प्रयोगशाळा आयातीच्या प्रमाणात वाढाव्यात. तपासणीचे निकाल लोकांस वाचावयास मिळावेत. आणि माल परत मागविल्याची सूचना हिब्रू न वाचणाऱ्या वृद्धांपर्यंतही पोहोचावी. या शेवटच्या कामी आपण शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक प्रार्थनामंदिराच्या फलकावर अशा सूचना मराठीतून लावता येतील, आणि हिब्रू जाणणाऱ्या मुलामुलींनी आजी-आजोबांच्या फडताळातील डबे महिन्यातून एकदा पाहावेत. निवडणुकीच्या वेळी मते मागावयास येणाऱ्यांना मात्र भावाबरोबर तपासणीचाही जाब विचारावा. स्वस्त अन्न हा आपला हक्क आहे. निर्धोक अन्न हा त्याच्याही आधीचा हक्क आहे.

— एक शिक्षिका