पेटारा, तारीख आणि आमचा माणिकगड

महाराज आग्र्याहून मिठाईच्या पेटाऱ्यात बसून सुटले, हे आपण चौथीच्या पुस्तकापासून ऐकत आलोय. पण खरंच पेटाऱ्यात? असं नुसतं विचारलं तरी लोक अंगावर येतात! मला मात्र वाटतं, प्रश्न विचारल्याने महाराज लहान होत नाहीत, झाला तर पेटाराच लहान होतो.

आधी पक्कं काय ते बघू. 12 मे 1666 ला आग्र्याच्या दरबारात अपमान झाला, मग पहारे बसले आणि 17 ऑगस्टला महाराज निसटले. आग्र्यातून राजपूत मंडळींनी लिहिलेली राजस्थानी पत्रं आहेत. आमच्या भाषेत सांगायचं तर हा सर्व्हरचा लॉग, घटना घडत असतानाच लिहिलेला. सभासदाची बखर पुढे तीसेक वर्षांनी आली. तिच्यात पेटारे आहेत. औरंगजेबाचा दरबारी इतिहास ‘आलमगीरनामा’ मात्र वेष पालटून पळाल्याचं सांगतो. पेटारे बाहेर जात असतील, पहारेकरी सैल पडले असतील, पण महाराज स्वतः आत बसले होते की पेटारे वाहणाऱ्यांत मिसळून चालत गेले, यावर पैज लावायला मी तयार नाही.

आता परतीची वाट. काही जण ती काशी, गयेवरून गोंडवनातून आणतात. म्हणजे जवळपास आमच्या दारावरून! जिवती तालुक्यात माणिकगड आहे, हा सगळा मुलूख चांद्याच्या गोंड राजांचा. महाराज इथून गेले असते तर कोणाला आवडलं नसतं? पण जरा गणित करा. राजगडी पोचल्याच्या दोन तारखा सांगतात, 12 सप्टेंबर आणि 20 नोव्हेंबर. आजच्या रस्त्याने आग्रा ते पुणे साधारण 1200 किलोमीटर. 26 दिवसांत रोज 46 पडतात. भर पावसाळ्यात अवघड, पण घोड्यावर जमण्यासारखं. काशी-चांद्यावरून तेच अंतर 2300 च्या घरात जातं, म्हणजे रोज 88. हे काही पटत नाही बुवा! नोव्हेंबर धरला तर 95 दिवस मिळतात, रोज 24. थोडक्यात, तारीख ठरली की वाट ठरते. मला सप्टेंबर जास्त पटतो. मग आमचं गोंडवन वाटेतून गेलं, गेलं तर गेलं! माणिकगडाला स्वतःचा इतिहास आहे, उसना कशाला हवा?

खरी गोष्ट पेटाऱ्याहून मोठी आहे. आधी परवाने काढून बरोबरची फौज परत पाठवली, आजारपणाचं सोंग वठवलं, नऊ वर्षांच्या संभाजीराजांना मथुरेत मागे ठेवलं. बापाच्या काळजाचं काय झालं असेल! मागे राहिलेले रघुनाथपंत कोरडे आणि त्र्यंबकपंत डबीर पकडले गेले, त्यांचा छळ झाला. जामीन राहिलेल्या रामसिंगावर बादशहाची गैरमर्जी झाली. पेटाऱ्याचं चित्र सगळ्यांना पाठ आहे, ही नावं किती जणांना आठवतात?

असो. पुढच्या वेळी कुणी पेटाऱ्यावरून वाद घातला, तर त्याला आधी कोरडे आणि डबीर कोण ते विचारा.