गोळ्या चालू होत्या, तपासणी झालीच नाही

आमच्या गटातली एक मैत्रीण मागच्या पावसाळ्यात गेली. नवरा एड्सने गेल्यावर तिची तपासणी झाली आणि एच.आय.व्ही. निघाला. तेव्हापासून दर महिन्याला एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी जाऊन ती गोळ्या आणायची. एक खाडा केला नाही. वजन भरलं, शिलाईचं मशीन घेतलं, दोन पोरं शिकवली. शेवटी ती गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने गेली.

मधूनच रक्त जातं, वासाचं पाणी जातं, असं तिनं मला सांगितलं होतं. ‘अगं, अशक्तपणा असेल,’ असं मी म्हटलं. मी, जी वीस वर्षं बायकांच्या आरोग्यावर शिबिरं घेते! म्हणूनच हे लिहिते आहे.

हा कॅन्सर बहुतेक वेळा एच.पी.व्ही. नावाच्या विषाणूमुळे होतो. शरीरसंबंधातून तो फार जणींना कधी ना कधी लागतो आणि अंगातली प्रतिकारशक्ती त्याला बहुधा वर्षा-दोन वर्षांत घालवते. एच.आय.व्ही. नेमकी हीच शक्ती खच्ची करतो. मग विषाणू ठाण मांडून बसतो. एरवी कॅन्सर व्हायला १५ ते २० वर्षं लागतात. उपचार न मिळालेल्या एच.आय.व्ही.बाधित बाईला ५ ते १० वर्षं पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशा बाईला हा धोका सहापट असतो. गोळ्यांनी तो कमी होतो, पण संपत नाही.

एड्सच्या व्याख्येत बाईचं शरीर उशिराच आलं. अमेरिकेत हा कॅन्सर एड्सच्या लक्षण-आजारांच्या यादीत १९९३ साली आला, तोही बायकांनी आणि कार्यकर्त्यांनी निदर्शनं केली, कोर्टात गेल्या, तेव्हा. आपल्याकडे सरकारी मोफत गोळ्या २००४ पासून मिळू लागल्या. त्यांनी लाखो जीव वाचवले, हे मान्य. पण वाचलेल्या बाईच्या बाकीच्या शरीराचं काय? वजन, खोकला, रक्त, सगळं तपासतात. माझ्या मैत्रिणीला कमरेखालचं कुणी कधी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. ‘आधीच लोक चारित्र्यावर बोलतात, त्यात हे कुठं दाखवू?’ असं ती म्हणायची. तिला हा विषाणू नवऱ्याकडून आला, तरी लाज मात्र तिनेच बाळगायची!

तपासणी अवघड नाही. गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, लावायचं. मिनिटभरात बिघडलेला भाग पांढरा दिसतो. प्रशिक्षण घेतलेली नर्स हे करू शकते. मुंबईच्या वस्त्यांमधल्या टाटा मेमोरियलच्या अभ्यासात दर दोन वर्षांनी अशी तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. निष्कर्ष २०१४ साली छापून आले. त्यात तुलनेसाठी घेतलेल्या बायकांना तपासणीविना ठेवलं, यावर टीका झाली, ती मला रास्त वाटते. पण उपाय चालतो हे त्यातून सिद्ध झालं, तर तो आता सगळ्यांना मिळालाच पाहिजे.

आणखी एक सावधगिरी. पांढरं जातं म्हणून कॅन्सरची भीती घालून पिशवी काढण्याचा धंदा आपण बीडच्या ऊसतोड बायकांच्या बाबतीत पाहिला. २०१९ मध्ये त्यावर मोठा गदारोळ झाला. तपासणी मागायची ती ही भीती मोडण्यासाठी. वेळेवर सापडलेला डाग थंड किंवा गरम उपकरणाने तिथल्या तिथे काढता येतो, पिशवी काढावी लागत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, आपल्या मागण्या स्पष्ट असू द्या. गोळ्या मिळतात त्याच ठिकाणी, त्याच दिवशी ही तपासणी व्हावी. बाईचा दुसरा खाडा आणि दुसरं एस.टी.भाडं वाचेल. एच.आय.व्ही. असलेल्या बाईची तपासणी २५ व्या वर्षापासून सुरू व्हावी, दर ३ ते ५ वर्षांनी व्हावी. पडदा असावा, बाई कर्मचारी असावी, आणि टोमणा नसावा.

आणि आपल्या बैठकीत कुणी ‘खालून जातं’ म्हणाली, तर ‘अशक्तपणा असेल’ असं म्हणू नका. तिच्याबरोबर दवाखान्यात जा. मी गेले नाही.