निपाणीची वेलांटी

सीमाभागात भाषेचे भांडण पाटीवरून होते. १९५६ साली बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात गेले, तेव्हापासून पाटीवर मराठी की कन्नड, यावरून किती आंदोलने झाली! २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. २०१४ साली बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले. पण माणसे आता पाटीइतकाच संगणकाचा पडदाही वाचतात, आणि तिथे आपल्या अक्षरांचे काय होते हे कोणी विचारत नाही.

समजा, निपाणीतल्या एखाद्या वाचनालयासाठी पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहायचा आहे. खिडक्या, बटणे, लिहायच्या चौकटी ज्यातून तयार मिळतात ते टूलकिट कोणते घ्यावे? हमखास सल्ला मिळतो: टिकिंटर. सोपे, हलके, पायथॉनबरोबरच येणारे.

लिनक्सवर त्यात 'निपाणी' लिहून बघा. टीके ८.६ तिथे चिन्हे आली त्या क्रमाने एकापुढे एक मांडते, अक्षर जुळवत नाही. 'नि'ची वेलांटी 'न'च्या आधी न येता नंतर येते, 'प'ला जाऊन चिकटते, आणि वाचणारा 'नपि' वाचतो. चिकोडीचे तेच. संकेश्वरातला 'श' पाय मोडून 'व'पासून वेगळा उभा राहतो. कन्नडातल्या 'निप्पाणी'त दुसरा 'प' पहिल्याच्या खाली बसायला हवा, तोही बसत नाही. मोडतोडीत तरी दोन्ही भाषांना समान न्याय!

गंमत म्हणजे 'बेळगाव' धडधाकट दिसते, कारण त्यात ना ऱ्हस्व वेलांटी, ना जोडाक्षर. तेवढेच टाईप करून "देवनागरी चालते" म्हणणे म्हणूनच फसवे. आपल्याकडेही पणजी सुखरूप राहते. डिचोली आणि म्हापसा मोडतात.

कोणी म्हणेल, विंडोजवर तर ठीक दिसते. दिसते, कारण तिथे अक्षरजुळणी विंडोज करते. मग सरकारी शाळेतल्या, वाचनालयातल्या फुकटच्या लिनक्सने काय घोडे मारले? आणि 'बरोबरच येते' म्हणावे, तर उबुंटूवर टिकिंटरसाठी वेगळे पॅकेज घालावेच लागते.

क्यूट आणि जीटीके ही टूलकिटे हे काम नीट करतात. क्यूट थेट आणि जीटीके पँगोमार्फत हार्फबझ नावाच्या जुळणीयंत्राची मदत घेते. लिनक्सवरचे डब्ल्यूएक्सपायथॉन जीटीकेवरच उभे आहे. क्यूट जड आहे, हे खरे. पैशांची सबब मात्र चालणार नाही. पायक्यूट जीपीएल परवान्यावर मिळते. ती अट नको असेल तर एलजीपीएलवरचे पायसाइड आहे.

गोव्याच्या १९८७च्या राजभाषा कायद्यात मराठीच्या वापराला जागा आहे. पण कायद्यात मिळालेली जागा पडद्यावर आपोआप मिळत नाही. ती प्रोग्रॅम लिहिणारा देतो किंवा घालवतो. टूलकिट निवडण्याआधी लिनक्सवर पाच नावे टाकून बघा: निपाणी, चिकोडी, संकेश्वर, डिचोली, म्हापसा. एक जरी मोडले, तरी ते टूलकिट आपल्या कामाचे नाही, मग ते कितीही सोपे असो.