युद्धविराम : आधी तपशील, मग सह्या

रशिया आणि युक्रेन यांच्यातील युद्ध आता थांबणार, अशी आशा अनेकदा पल्लवित झाली आणि तितक्याच वेळा कोमेजली. मार्च २०२५ मध्ये जेद्दा येथे युक्रेनने तीस दिवसांच्या युद्धविरामाचा अमेरिकी प्रस्ताव मान्य केला. मॉस्कोने अटी पुढे केल्या. मे महिन्यात इस्तंबूलमध्ये उभय देशांची शिष्टमंडळे २०२२ नंतर प्रथमच समोरासमोर बसली. प्रत्येकी एक हजार युद्धकैद्यांच्या अदलाबदलीपलीकडे फारसे काही हाती लागले नाही. ऑगस्टमध्ये ट्रम्प आणि पुतिन अलास्कात भेटले, तरी तोफा धडाडतच राहिल्या. प्रत्येक वेळी भाष्यकारांनी एकच प्रश्न विचारला : नेत्यांची तशी इच्छा आहे काय? मला हा प्रश्न अपुरा वाटतो.

दीर्घकाळ चाललेल्या युद्धात लढणाऱ्यांना युद्धविरामाचीही भीती वाटू लागते. मिळालेल्या उसंतीचा उपयोग शत्रू नव्याने सज्ज होण्यासाठी करील, ही ती भीती. ती जोवर कमी होत नाही, तोवर थकलेली राष्ट्रेही लढत राहतात. ती कमी होते ती तपशिलांमुळे : रेषा नेमकी कोठून जाणार, तिच्यावर देखरेख कोणाची आणि ती मोडली तर पुढे काय.

कोरियाचा दाखला या दृष्टीने बोलका आहे. तेथे वाटाघाटी जुलै १९५१ मध्ये सुरू झाल्या आणि करार २७ जुलै १९५३ रोजी झाला. मधली दोन वर्षे युद्ध चालूच होते. रेषेसंबंधीचे तत्त्व १९५१ अखेरीसच ठरले होते. घोडे अडले ते युद्धकैद्यांवर. मायदेशी परतू न इच्छिणाऱ्या कैद्यांचे काय करावे, या प्रश्नावर भारताने मांडलेला ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९५२ मध्ये संमत केला. सोव्हिएत गटाने तो आधी झिडकारला; परंतु स्टालिनच्या मृत्यूनंतर झालेली तडजोड बरीचशी त्याच वळणाची होती. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद जनरल थिमय्या यांच्याकडे आले आणि सुमारे २३ हजार कैद्यांचा ताबा मेजर जनरल थोरात यांच्या नेतृत्वाखालील भारतीय दलाने घेतला. दक्षिण कोरियाने करारावर सही केली नाही. त्याची भीती निवली ती अमेरिकेने ऑक्टोबर १९५३ मध्ये त्याच्याशी संरक्षण करार केल्यावर.

तपशील मोघम ठेवण्याची किंमत आपल्याइतकी कोणाला ठाऊक असणार? जिल्हा प्रशासनात असताना हद्दीचे वाद मी पुष्कळ ऐकले. त्यांतील बरेचसे मोजणी चुकल्यामुळे नव्हे, तर ती अर्धवट सोडल्यामुळे उद्भवलेले असत. जुलै १९४९ च्या कराची करारात काश्मीरमधील युद्धविराम रेषा ‘एनजे ९८४२’ या बिंदूपर्यंत काटेकोरपणे आखली गेली. त्यापुढे ती उत्तरेस हिमनद्यांकडे जाईल, एवढेच नमूद झाले. त्या उजाड बर्फासाठी कोणी लढेल, असे तेव्हा कोणाला वाटले नाही. १९८४ पासून आपले जवान सियाचीनवर उभे आहेत.

युक्रेनचा स्वतःचा अनुभवही वेगळा नाही. सप्टेंबर २०१४ आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये मिन्स्क येथे झालेल्या समझोत्यांवर देखरेख ठेवण्यासाठी युरोपीय सुरक्षा आणि सहकार्य संघटनेचे निःशस्त्र निरीक्षक होते. ते उल्लंघनांची नोंद करीत. उल्लंघन रोखण्याचा अधिकार त्यांना नव्हता, आणि अनेक ठिकाणी त्यांना प्रवेशच नाकारला जाई. शिवाय आधी निवडणुका की आधी सीमेवरील ताबा, या क्रमाबाबत उभय पक्षांनी आपापला अर्थ लावला. आज कीव हमीवाचून रेषा मान्य करायला कचरते, त्यामागे ही आठवण आहे. मॉस्कोला मात्र पाश्चात्त्य सैन्य युक्रेनच्या भूमीवर नको, आणि डोनेत्स्क प्रांताचा जो भाग लढून मिळाला नाही, तोही वाटाघाटीत हवा आहे.

यात ड्रोनने नवी अडचण आणली आहे. कोरियातील निर्लष्करी पट्टा चार किलोमीटर रुंद आहे. युक्रेनमधील आघाडी हजार किलोमीटरहून लांब असून स्वस्त ड्रोन त्याहून कितीतरी खोलवर मारा करतात. तेथे जुन्या मापाचा पट्टा पुरणार नाही.

म्हणून सर्वंकष युद्धविराम लगेच होईल, असे मला वाटत नाही. मर्यादित व्यवस्था मात्र शक्य आहेत. जुलै २०२२ मधील काळ्या समुद्रातील धान्य करार वर्षभर टिकला आणि त्यातून सुमारे ३ कोटी ३० लाख टन धान्य बाहेर पडले. कारण जहाजांची तपासणी इस्तंबूलमध्ये सर्व पक्षांच्या प्रतिनिधींसमक्ष होत होती. वीजकेंद्रे, बंदरे, युद्धकैदी आणि विस्थापित मुले यांबाबत याच धर्तीवर पुढे जाता येईल.

युद्धविराम म्हणजे आक्रमणावर शिक्कामोर्तब, हा आक्षेप गंभीर आहे. बळाने घेतलेली भूमी घेणाऱ्याकडेच राहण्याचा धोका त्यात निश्चितच आहे. यास्तव ताब्याची रेषा ही सीमा नव्हे, हे करारातच स्पष्ट लिहिले पाहिजे. तरीही अन्याय पुरता दूर होईपर्यंत माणसे मरू द्यावीत, असे दूर बसून सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

हे युद्ध आपल्यापासून वाटते तितके दूरही नाही. रशियन सैन्यात भरती झालेले भारतीय तरुण तेथे मारले गेले आहेत. रशियन तेलाच्या खरेदीपायी अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मालावर २५ टक्के जादा शुल्क लादले. भारताने मध्यस्थी करावी, असे म्हटले जाते. मध्यस्थांची वाण नाही. वाण आहे ती दोन्ही बाजूंना चालतील अशा निरीक्षकांची. त्या कामाचा आपला अनुभव मोठा आहे. आपल्या तेलखरेदीमुळे कीवच्या मनात किंतू असेल, तर तो कामातूनच फेडावा लागेल. मात्र उभय देशांचे लेखी निमंत्रण, सर्वत्र प्रवेश आणि स्पष्ट अधिकार, या तीन अटींवाचून एकही जवान पाठवू नये.

या कामात शाबासकी मिळेलच असे नाही. १९५३ मध्ये दक्षिण कोरियाने भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू दिले नाही. त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. आयोगाच्या कामावर दोन्ही बाजूंनी टीका झाली, तरी ते पार पडले. तशी तयारी दिल्लीने आजच करून ठेवावी. सह्या होतील तेव्हा निरीक्षक दलाची रचना ठरवायला वेळ उरणार नाही.