वाचनालयाचे सहा पैसे कुठे अडले?



महागाई भत्ता, बोनस, रिक्त जागा आणि आठवा वेतन आयोग हे प्रश्न समोर असताना युनियनने मुलांच्या वाचनालयाच्या भानगडीत कशाला पडावे, असा सवाल आपल्यातलीच काही मंडळी करतात. त्यांना आमचे उत्तर सरळ आहे. जो पैसा कामगाराच्या खिशातून निघतो आणि ठरल्या जागी पोहोचत नाही, तो युनियनचाच प्रश्न आहे. मग तो प्रॉव्हिडंट फंड असो की ग्रंथालयाचा उपकर.

बंगळूरचेच पाहा. कर्नाटकात १९६५ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्याप्रमाणे मालमत्ता कराच्या रुपयामागे सहा पैसे ग्रंथालय उपकर घेतला जातो. तो पालिकेने गोळा करायचा आणि ग्रंथालयांच्या हवाली करायचा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने आपला संबंध नाही असे समजू नये, कारण घरमालक तो भाड्यातून वसूल करतोच. बंगळूरच्या महापालिकेने हा पैसा वर्षानुवर्षे लोकांकडून घेतला, पण ग्रंथालय खात्याला पुरता दिला नाही. थकबाकी शेकडो कोटींच्या घरात गेली.

ठेकेदाराने मजुराच्या पगारातून पी.एफ. कापला आणि भरला नाही, तर आपण काय करतो? गेटसभा घेतो, पी.एफ. कार्यालयात तक्रार गुदरतो, त्याला गुन्हेगार म्हणतो. मग मुलांच्या पुस्तकांचा पैसा पालिकेने अडवला तर त्याला नुसती 'थकबाकी' म्हणून कसे चालेल? हे तर कुंपणानेच शेत खाल्ले! २०२५ मध्ये महापालिका मोडून शहराच्या पाच पालिका झाल्या. आता जुन्या बाकीचे घोंगडे या पाचांच्या वाटणीत भिजत पडू नये, यासाठी आत्ताच जाब विचारला पाहिजे.

बंगळूरला वाचनालयांची परंपरा नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. कब्बन पार्कमधील शेषाद्री अय्यर स्मारकाची लाल इमारत १९१५ ची आहे. राज्य मध्यवर्ती ग्रंथालय तिथेच आहे. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. रंगनाथन यांनी १९६२ मध्ये याच शहरात संशोधन व प्रशिक्षण केंद्र काढले आणि १९७२ मध्ये येथेच देह ठेवला. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळालेच पाहिजे, हा विचार त्यांनी आयुष्यभर मांडला. त्यांच्या शहरात कामगाराच्या पोराला जवळचे वाचनालय सापडू नये, ही शरमेची बाब आहे.

आम्हा मराठी माणसांना तर ही गोष्ट नवी नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणला, मध्यवर्ती ग्रंथालय उभारले, मुलांसाठी स्वतंत्र दालन काढले आणि पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी पाठवली. एका संस्थानिकाला त्या काळी जे सुचले, ते लोकांनी निवडून दिलेल्या पालिकांना आज परवडत नाही काय?

परवडते, इच्छा असेल तर! कर्नाटक सरकारनेच ते दाखवून दिले आहे. २०२० मध्ये 'ओदुव बेळकु' मोहीम निघाली आणि ग्रामपंचायतींच्या वाचनालयांत मुलांना मोफत सभासद करून घेतले गेले. गावच्या मुलाला जे मिळाले ते शहरातल्या झोपडपट्टीतल्या, चाळीतल्या, रेल्वे वसाहतीतल्या मुलालाही मिळाले पाहिजे. मात्र एक बजावून सांगतो. गावची वाचनालये चालवणाऱ्यांना मानधनावर राबावे लागले आणि किमान वेतनासाठी झगडावे लागले. ग्रंथपालाला उपाशी ठेवून मुलांना ज्ञानाची मेजवानी देण्याचा हिशेब आम्हाला मान्य नाही.

काही शहाणे म्हणतात, आता मोबाईल आहे, वाचनालय कशाला? अशांना आम्ही विचारतो, घरात एकच मोबाईल, तो ड्यूटीवर गेलेल्या बापाच्या खिशात, मग पोराने वाचावे कशावर? आणि मुलांचे वाचनालय म्हणजे नुसते पुस्तकांचे कपाट नव्हे. शाळा चारला सुटते, आईबाप पाळी संपवून आठला येतात. मधले चार तास पोराने कुठे काढायचे? पैसेवाल्यांची मुले फी भरून शिकवणीला जातात. आमच्या मुलांना पंखा, दिवा, टेबल, पाणी, स्वच्छ संडास आणि नाव घेऊन हाक मारणारा ग्रंथपाल हवा. लहानांना गोष्ट वाचून दाखवणारे, दहावी-बारावीच्या मुलांना भरतीच्या परीक्षेचे पुस्तक काढून देणारे माणूस हवे. हे काम मोबाईल करत नाही.

टपाल खात्यातील बंधूंना तर हा प्रश्न अधिक जवळचा आहे. पुस्तकांची स्वस्त नोंदणीकृत टपालसेवा १८ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाली. वाचक-प्रकाशकांनी ओरड केली. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झाले, कर सोडून तीनशे ग्रॅमला २० रुपये आणि पाच किलोला १०० रुपये. परमुलखातल्या मराठी मुलापर्यंत मराठी पुस्तक स्वस्तात पोहोचायचे तर ही सेवा टिकली पाहिजे, आणि ती टिकवणे पोस्टमनच्या हाती आहे. आमचे मूल कन्नडही वाचील, मराठीही वाचील. दोन्ही भाषांची कपाटे शेजारी शेजारी असू द्यात.

रेल्वे इन्स्टिट्यूटांबद्दलही स्पष्ट बोलतो. जिथे हॉल लग्नाला खुला आणि वाचनकक्षाला कुलूप असेल, तिथल्या सभासदांनी ते कुलूप काढायला लावावे. आणि दार उघडले की गाड्या धुणाऱ्या ठेका कामगाराच्या मुलालाही आत घ्यावे. ते मूल 'बाहेरचे' नाही. त्याचा बाप आपल्याच गाडीवर राबतो.

आमच्या मागण्या चारच आहेत. एक, उपकराची जुनी बाकी पाचही पालिकांनी वाटा ठरवून मुदतीत भरावी आणि यापुढचा उपकर परस्पर ग्रंथालयांच्या खात्यात जमा व्हावा. दोन, प्रत्येक वस्तीच्या वाचनालयात मुलांचा विभाग रात्री आठपर्यंत उघडा राहावा. तीन, तिथला ग्रंथपाल कायम आणि पूर्ण वेतनावर असावा. चार, मुलांकडून वर्गणी अगर अनामत घेऊ नये.

प्रत्येक शाखेने या महिन्याच्या सभेत हा ठराव घ्यावा, त्याची प्रत आपल्या नगरसेवकाला, आमदाराला द्यावी आणि पोच घ्यावी. आपण कुठल्या वाचनालयासाठी भीक मागत नाही. भरलेल्या पैशाची पावती मागतो आहोत.

कामगार एकजुटीचा विजय असो!